चिमणी उजव्या हाताला

सुभद्राबाईंनी मिरच्यांचं पोतं ओढत आणून नवऱ्याच्या पायाशी टेकवलं आणि तेवढ्यात फोन वाजला. राजाराम गमरे यांना इतकं बरं वाटलं, की कोणाचा आहे हे न बघताच त्यांनी तो कानाला लावला. एप्रिल लागल्यापासून ते या पोत्याला चुकवत होते. आधी पाठ धरली होती, मग गुडघा, आणि गेल्या रविवारी तर दोन्ही. आजच्यासाठी काही उरलंच नव्हतं.

"पपा," पलीकडून संघर्षचा आवाज आला, "त्या सूचनांमध्ये तुम्ही काय लिहून ठेवलंय?"

राजारामांचं बरं वाटणं तिथंच संपलं.

संघर्ष हा गमऱ्यांचा एकुलता एक मुलगा. मोठमोठे कार्यक्रम भरवणाऱ्या एका कंपनीत होता, आणि त्याच्या एकट्याच्या अंगावर पडलेलं पहिलं काम आज होतं. बॅलार्ड इस्टेटमध्ये, इंग्रजांच्या वेळच्या दगडी इमारतींच्या मधल्या रस्त्यावर, जुन्या मोटारींचं प्रदर्शन. गावोगावचे हौशी लोक आपापल्या गाड्या घेऊन येणार होते आणि त्याहून हौशी लोक त्या बघायला. त्यांच्यासाठी, शहरात कसं शिरावं, कुठं थांबावं, काय खावं, अशा चार ओळी हव्या होत्या. "गूगलवरचं नको," त्याच्या वरिष्ठ प्रिती मॅडमनी बजावलं होतं. "कोणीतरी अस्सल लोकल माणूस पकड."

अस्सल लोकल माणूस घरातच सोफ्यावर बसलेला होता. राजाराम जन्मले लालबागला, शिकले परळला, विमा कंपनीत चिकटले भायखळ्याला, आणि निवृत्त होऊन पुन्हा लालबागला आले. चाळ पाडून तिथं टॉवर झाला, गमऱ्यांना चौदावा मजला मिळाला, तरी ते आपला पत्ता 'प्रबोधन चाळ, दुसरा मजला, जिन्याला लागून' असाच सांगत. रस्ता विचारणाऱ्याला त्यांनी आयुष्यात कधी 'माहीत नाही' म्हटलं नव्हतं. माहीत नसतानासुद्धा नाही. चार ओळी मागितल्या होत्या, त्यांनी चार पानं दिली. त्या वेळी संघर्षला मांडववाला छळत होता. त्यानं ती पानं न वाचताच पुढं पाठवली, ऑफिसातल्या कॉम्प्युटरनं त्यांचं इंग्रजीही करून टाकलं, आणि महाराष्ट्रभरच्या मोबाइलवर राजाराम गमरे यांची मुंबई जाऊन पोचली.

"काय लिहिलंय म्हणजे? सगळं बरोबर लिहिलंय."

"बरोबर? सकाळपासून लोक फोन खाली ठेवू देत नाहीयेत. 'चंद्रप्रभा टॉकीजच्या पोस्टरखालून डावीकडे वळावे.' पपा, चंद्रप्रभा पाडली तेव्हा मी बालवाडीत होतो!"

"थेटर पाडलं. वळण थोडंच पाडलं?"

"'जीवनदास मिलची चिमणी उजव्या हाताला ठेवावी, म्हणजे रस्ता चुकत नाही.' कुठाय चिमणी?"

"असेल की तिथंच. ती कुठं जातेय!"

"आणि हे? 'जिथे ट्राम वळत असे तिथे वळू नये.'"

राजारामांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. ट्राम त्यांनी स्वतःसुद्धा धड पाहिली नव्हती. ते वाक्य त्यांच्या वडिलांचं होतं. घरात दुसरी काही इस्टेट नसल्यामुळे त्यांनी ते जपून ठेवलं होतं.

"बाकीचे लोक येतील हळूहळू," संघर्षचा आवाज एकदम खाली आला. "मैना सापडत नाहीये."

मैना म्हणजे सांगलीच्या तुळशीदासशेठ या हळदीच्या व्यापाऱ्याची मोटार. स्वातंत्र्याच्या सुमाराला बोटीतून आलेली, पोपटी हिरवी, वरून उघडी. प्रदर्शनाच्या प्रत्येक पोस्टरवर तिचाच फोटो होता, आणि अकरा वाजता उद्घाटनाचे पाहुणे, एक निवृत्त न्यायमूर्ती, तिच्यातच बसून फेरी मारणार होते.

"मॅडमनी सांगितलंय, अकराला मैना गेटवर नसेल, तर सोमवारी मी ऑफिसात नसलो तरी चालेल."

राजारामांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दहा वाजत आले होते.

"आणि ते शेठ आहेत कुठं?"

"तुमच्याच मुंबईत आहेत कुठंतरी. मला त्यांचा फोन लागतो, पण ते काय बोलतात तेच कळत नाही. नंबर पाठवतो, तुम्हीच बघा आता."

राजारामांनी चपला पायात सरकवल्या. सुभद्राबाई पोत्याला टेकून उभ्या होत्या.

"कुठं निघालात?"

"पोराच्या नोकरीचा प्रश्न आहे."

"जाता जाता हे डंकनवर कुटायला टाका. मिरची गल्ली वाटेतच आहे."

लिफ्टचं दार बंद झाल्यामुळे राजारामांना हे ऐकू आलं नाही, असं त्यांनी ठरवलं.

खाली लवू परब पेपर वाचत बसला होता. चाळीत तो भिंतीपलीकडे राहायचा, टॉवरमध्ये तळपायाखाली राहतो. हकिकत ऐकून त्यानं पेपराची शांतपणे घडी केली.

"राजा, तुका मी तेव्हाच सांगललंय, चिमणी लिहू नको."

"तूच म्हणालास ना, आर्देशीरचं इराणी हॉटेल टाक म्हणून!"

"इराणी टाक म्हटलंय. 'तिथला मस्का शिळा असतो' ह्यां तुझां."

दोघं मोठ्या रस्त्यावर आले. डोक्यावरून उड्डाणपूल गेला होता. राजारामांनी सूचनांत स्पष्ट लिहिलं होतं, 'पुलावर चढू नये. पुलावरून मुंबई दिसत नाही.' ते स्वतः त्यावर कधी चढले नव्हते. त्यांनी फोन लावला.

"तुळशीदासशेठ? मी संघर्षचा वडील. तुम्ही आत्ता नक्की कुठं आहात?"

"ते तुमी सांगायचं की, पावणं. आमी गाडीत हाय."

"तसं नव्हे. समोर काय दिसतंय?"

"काचंची बिल्डिंग."

राजारामांनी मान वर केली. चहूकडे काचेच्या बिल्डिंगी होत्या. कित्येक वर्षं ते त्यांच्याखालून भाजी आणत होते. पण न बोलावता आलेल्या पाहुण्याकडे जसं माणूस बघत नाही, तसं त्यांनी त्यांच्याकडे कधी बघितलं नव्हतं.

"तिच्या खाली काय आहे?"

"बाथरूमच्या फरश्या इकत्यात. शेजारी कुत्र्यांचं क्येस कापायचं दुकान."

"कुत्र्यांचे?" राजारामांनी फोनवर हात ठेवला. "लवू, इथं कुत्र्यांचे केस कापायचं दुकान कुठाय रे?"

"आमच्या वक्ताक माणसांचां धड नव्हतां," लवू म्हणाला.

"शेठ, ते राहू द्या. जीवनदास मिलचं गेट कुठल्या अंगाला आहे, एवढं कोणाला तरी विचारा."

"इचारलं की. एकजण म्हनला पाडली. दुसरा म्हनला जळली. तिसरा म्हनला, मी तितंच ऱ्हातो, तिसाव्या मजल्यावर."

मध्येच संघर्षचा फोन वाजू लागला. राजारामांनी तो कापला. जन्मभराच्या वस्तीत, भर दिवसा, पोपटी रंगाची एवढी मोठी मोटार आपल्याला सापडत नाही, हे त्यांना आता हळूहळू कळू लागलं होतं. आपण ज्या गावाचा पत्ता देतोय तिथं आपणच राहत नाही, असा एक विचित्र विचार त्यांच्या मनात आला. पोराला ते सोमवारी काय सांगणार होते? वळण तिथंच आहे म्हणून?

"हॅलो... पावणं... आ... आक्छी!" फोनमध्ये तुळशीदासशेठ शिंकले.

"सर्दी झालीय का?"

"न्हाई वो. हितली हवाच तसली... आक्छी!"

राजाराम जागच्या जागी थांबले. त्यांनी नाक वर करून हवा ओढली आणि त्यांनाही शिंक आली.

"लवू! मिरची गल्ली!"

टॉकीज गेली, मिल गेली, इराणी गेला; पण एप्रिलात लालबागच्या नाकात जाणारी मिरची जागची हलली नव्हती. सबंध गिरणगावात तेवढी एकच खूण शाबूत होती, आणि राजाराम नेमके महिनाभर तिलाच चुकवत होते.

दोघं धावले. म्हणजे लवू चालला आणि राजाराम त्याच्या पुढं चालले. गल्लीत बायकांची ही गर्दी. वर्षभराचा मसाला करायचे दिवस. डंकनची लोखंडी मुसळं धाडधाड आपटत होती, लाल धुरळा उडत होता, ज्याचं त्याचं तोंड ओढणीत नाहीतर रुमालात. मोटार मात्र कुठंच दिसेना. राजारामांनी पुन्हा फोन लावला आणि त्या आवाजात बेंबीच्या देठापासून ओरडले.

"शेठ! आजूबाजूला कोणी जुना म्हातारा माणूस दिसतोय का? त्याला फोन द्या! मी बोलतो त्याच्याशी!"

"एक हाय की!" तुळशीदासशेठही ओरडले. "पर त्यो फोनवर कुणावर तरी वराडायलाय! आन् त्येचा अवतार बघून त्येला काय म्हाईत असंल, असं वाटत न्हाई!"

राजारामांनी फोन खाली घेतला. समोर मिरच्यांचा टेम्पो उभा होता, आणि टेम्पोच्या पलीकडून एक फेटा त्यांच्याकडे बघत होता.

मैना पोस्टरवरच्यापेक्षा देखणी होती. तिच्या हिरव्या टपोऱ्या मडगार्डांवर लाल धुळीचा थर बसला होता. राजारामांनी ओळख करून दिली, तुळशीदासशेठनी अवतारासंबंधी काही बोलणं झालंच नव्हतं अशा चेहऱ्यानं नमस्कार केला.

"चला शेठ, बसा. साडेदहा झालेत."

"बसतो. पर मैना चालू कशी हुनार? मी म्होरनं हँडल फिरवायचं, आन् आत बसून घरच्यांनी पायानं प्याडल दाबायचं. तिला त्येंच्याच पायाचं वजन कळतंय. दुसरं कुणी बसलं तर जाग्यावर उडी मारती आन् बंद पडती."

"मग घरचे कुठायत?"

शेठनी डंकनकडे बोट केलं. इरकली नेसलेल्या एक बाई पदराचं टोक नाकाला लावून, पापणी न लववता मुसळांकडे बघत उभ्या होत्या.

"तुमचा इराणी हुडकत हितं शिरलो. गुणवंतीनं मिरचीचा ढीग बघितला, आन् उतरली. घ्येतलीसुद्धा. आता ती मिरची आत पडलीया."

राजाराम गुणवंतीबाईंपुढे जाऊन उभे राहिले. त्यांनी मुलाची नोकरी सांगितली, पोस्टर सांगितलं, न्यायमूर्ती सांगितले. गुणवंतीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मुसळावरची नजर मात्र काढली नाही.

"दादा, तुमच्या पोराचं चांगलं व्हावं. पर नजर हलली, की मिरची बदलली. माझी बेडगी जायची आन् कुणाची तरी रंग मारलेली यायची. वरीसभर खायाचंय आमाला."

"आम्ही दोघं थांबतो ना इथं. लवू थांबेल."

गुणवंतीबाईंनी पहिल्यांदाच नजर वळवली आणि लवूला आपादमस्तक बघितलं.

"पुरुषाच्या भरवशावर मसाला सोडत न्हाईत," त्या म्हणाल्या आणि नजर पुन्हा जागेवर नेली.

तरी लवूला गाडीत बसवून एक प्रयत्न झाला. शेठनी हँडल फिरवलं, लवूनं प्याडल दाबलं, मैनेनं बेडकासारखी उडी मारली आणि टेम्पोच्या हातभर अलीकडे मान टाकली. लवू खाली उतरला आणि पुन्हा आत बसायला तयार झाला नाही. संघर्षचा फोन वाजत होता. राजारामांनी उचलला.

"पपा, सापडली?"

"सापडली."

"निघाली?"

"निघेल," राजाराम म्हणाले. 'माहीत नाही' हे दोन शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आले होते, ते त्यांनी गिळले. मग मन घट्ट करून घरी फोन लावला.

"सुभद्रे, जरा मिरची गल्लीत येतेस का?"

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

"कोण बोलतंय?" सुभद्राबाईंनी विचारलं.

त्या आल्या त्या टॅक्सीतून, शेजारच्या सीटवर पोतं बसवून. राजारामांनी ते उतरवलं, डोक्यावर घेतलं आणि डंकनपर्यंत नेलं. पाठ, गुडघा, कोणीही तक्रार केली नाही. सुभद्राबाईंनी त्याचीही मनात नोंद घेतली.

पण गुणवंतीबाई एवढ्यानं हलणाऱ्या नव्हत्या.

"बाई, तुमी मसाल्याला खोबरं कवा घालता? मिरचीबरोबर, का मागनं?"

राजाराम सुभद्राबाईंकडे कळवळून बघू लागले. तोंडात येईल ते एक सांगून मोकळी हो, असं ते डोळ्यांनी सांगत होते. मुसळं धाडधाड आपटत होती.

"आमच्यात खोबरं घालतच नाहीत," सुभद्राबाई म्हणाल्या.

"घालतच न्हाई?"

"नाही. खोबऱ्यानं मसाला खवट होतो."

राजारामांनी डोळे मिटले. सोमवार त्यांना स्वच्छ दिसू लागला.

गुणवंतीबाईंनी पदर नाकावरून काढला. "खवट हुतो, त्ये खोबरं भाजाय येत न्हाई म्हनून," त्या शांतपणे म्हणाल्या. "पर बाई खोटं बोलत न्हाई. खोटं बोलनारी 'मागनं घालते' म्हनली असती. उभ्या ऱ्हावा हितं. खोबरं कसं भाजायचं त्ये परत आल्यावर दावते."

आणि त्या जाऊन मैनेत बसल्या. शेठनी हँडल मारलं, बाईंनी प्याडल दाबलं, मैना पहिल्या फटक्यात बोलू लागली. राजाराम पुढं बसले. वाट दाखवायची जबाबदारी आता त्यांची होती, आणि ती त्यांना आयुष्यात प्रथमच जड वाटली.

मोठ्या रस्त्याला लागताच समोर गाड्यांची जत्रा. पुलाखाली मुंगी शिरायला जागा नव्हती. उजवीकडून पूल मोकळा वर चढत होता.

"पुलावर चढू नये, असं लिवलंय तुमी," शेठ म्हणाले आणि मैना डावीकडे घेऊ लागले.

राजारामांनी घड्याळ बघितलं. मग पुलाकडे बघितलं.

"चढा," ते म्हणाले.

"आन् सूचना?"

"चढा हो! सूचना लिहिणारा मीच आहे!"

मैना घरघरत वर चढली. वारा लागला, धूळ उडाली, सगळ्यांच्या शिंका थांबल्या. राजारामांनी आधी समोर बघितलं, मग भीतभीत उजवीकडे. काचेच्या दोन बिल्डिंगींच्या मधल्या फटीत, पोहण्याच्या तलावाशेजारी, कोणीतरी रंगरंगोटी करून शोभेला ठेवलेली, जीवनदास मिलची चिमणी उभी होती. खालच्या रस्त्यावरून ती दिसणं शक्यच नव्हतं. राजाराम अर्धे उठून उभे राहिले.

"शेठ, चिमणी! उजव्या हाताला! सांगितलं नव्हतं? म्हणजे रस्ता बरोबर आहे!"

"पावणं, पुलावर दुसरा रस्ताच न्हाई," शेठ म्हणाले. "खाली बसा."

बॅलार्ड इस्टेटच्या गेटवर मैना पोचली तेव्हा अकरा वाजून गेले होते. किती, ते बघण्याची राजारामांना हिंमत झाली नाही. गेटवर संघर्ष उभा होता, चुन्याच्या भिंतीसारखा पांढरा. शेजारी गळ्यात ओळखपत्र आणि हातात वॉकीटॉकी घेतलेल्या प्रिती मॅडम. आत गर्दी होती, पण उद्घाटनाची रिबीन अजून तशीच ताणलेली होती आणि पाहुण्यांची खुर्ची रिकामी होती.

"संघर्ष," प्रिती मॅडम म्हणाल्या, "त्या सूचना... चंद्रप्रभा, चिमणी, ट्राम... हे सगळं कोणाचं काम आहे? आय वॉन्ट अ नेम."

संघर्षनं तोंड उघडलं. त्याच्याआधी राजाराम गाडीतून उतरले.

"माझं," ते म्हणाले. "राजाराम गमरे. मी लिहिलं, पोरानं वाचलंसुद्धा नाही. त्याचा यात काही दोष नाही. पुढं माझ्याशी बोला."

तेवढ्यात मागं एक टॅक्सी थांबली. तिच्यातून पांढऱ्या केसांचे न्यायमूर्ती घाम पुसत उतरले.

"सॉरी, उशीर झाला," ते म्हणाले. "आर्देशीर शोधत होतो. मोबाइलचं दुकान झालंय हो तिथं! आम्ही परळच्या शाळेतून पळून जायचो तिकडं. पण मस्का शिळा असायचा, हे ज्यानं लिहिलं ना, तो माणूस खरा. मला भेटायचंय त्याला."

"हेच ते, सर!" प्रिती मॅडमनी राजारामांचा हात धरून त्यांना पुढं केलं. "अंकल, यू आर अ जीनियस! लोकांना वाटलं हा खेळ आहे. जिथं काहीच नाही तिथं जाऊन फोटो काढून आणलेत सगळ्यांनी. आतमध्ये भांडणं चाललीत, ट्राम नक्की कुठं वळायची म्हणून. पुढच्या महिन्यात आपला शो नाशिकला आहे. तिथल्या सूचना पण तुम्हीच लिहायच्या. नाही म्हणू नका."

नाही म्हणण्याची राजारामांना सवयच नव्हती. न्यायमूर्ती मैनेत बसले, एकदा शिंकले, गुणवंतीबाईंनी प्याडल दाबलं, टाळ्या वाजल्या.

त्या टाळ्यांत संघर्षनं वडिलांना खांबाआड ओढलं.

"पपा, तुम्ही नाशिकला कधी गेला होतात?"

राजारामांनी मान खाली घातली. "एकदाच. ब्याऐंशी साली, एका लग्नाला. संध्याकाळच्या एसटीनं परतच आलो."

"मग आता तिथं काय आहे ते बघायला जाऊ नका," संघर्ष म्हणाला. "आजच लिहायला बसा."